गरम गाडी सुरू होऊन नाही राहिली? फ्युएल पंप बदलायच्या आधी हा सोलेनॉइड तपासा

सकाळी गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते, दिवसभर नीट पळते, ॲव्हरेजही ठीक आहे, पण नागपूरच्या बर्डीवर उन्हात गाडी लावून वीस-पंचवीस मिनिटांनी परत आलं आणि चावी फिरवली की सेल्फ मस्त फिरून राहिला पण इंजिन काही पकडत नाही. पकडलं तरी थरथरते, मिस मारते, एक्सिलेटर दाबला की बंद पडते, आणि मग एक-दोन मिनिटांनी आपोआप अशी सुरळीत चालते की मेकॅनिकला दाखवायला काही उरतच नाही. तुमची पेट्रोल गाडी जुनी असेल, नव्वदीच्या दशकातली किंवा २००० च्या आसपासची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली), आणि लक्षणं हीच असतील तर हे पूर्ण वाचा, कारण या एका तक्रारीवर लोकांनी फ्युएल पंप, प्लग, कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग सगळं करून पाहिलेलं मी पाहिलं आहे आणि शेवटी दोष निघतो अंगठ्याएवढ्या एका सोलेनॉइडमध्ये (करंट दिला की हवेचा रस्ता बदलणारा छोटा व्हॉल्व) नाहीतर त्याच्या रबरी नळीत.

आधी हे पहा की तुमच्या गाडीत हा पार्ट आहे का, कारण सगळ्या गाड्यांत नसतो. बोनेट उघडा, इंजेक्टर ज्या धातूच्या पाईपवर बसलेत ती फ्युएल रेल, तिच्या एका टोकाला एक गोल धातूची डबी दिसेल, तो प्रेशर रेग्युलेटर. त्याच्या डोक्यावरून एक बारीक रबरी नळी निघते, तिच्यावर बोट ठेवून ती कुठे जाते ते बघा. सरळ इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनला हवा नेणाऱ्या जाड पाईपांना) गेली तर तुमच्या गाडीत हा सोलेनॉइड नाही. मधे प्लास्टिकचा छोटा ठोकळा लागला, दोन नळ्या आणि दोन वायरचा कपलर असलेला, तर तोच आपला माणूस. माझदा मियाटाच्या जुन्या गाड्यांत याला प्रेशर रेग्युलेटर कंट्रोल सोलेनॉइड म्हणतात, टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये व्हीएसव्ही (व्हॅक्यूम स्विचिंग व्हॉल्व), मित्सुबिशीत सरळ फ्युएल प्रेशर सोलेनॉइड. नावं वेगळी, काम एकच. आणि रेलला एकच पाईप येत असेल, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाईनच नसेल, रेग्युलेटर टाकीतच असेल, तर ही सगळी पद्धत तुमच्या गाडीला लागू नाही, नवीन गाड्या बहुतेक अशाच असतात.

आता हे होतं काहून ते समजून घ्या, कारण हे समजलं की तपासणी आपोआप समजते. गाडी चालू असते तोपर्यंत टाकीतलं त्यामानाने थंड पेट्रोल रेलमधून फिरून परत टाकीत जात राहतं, त्यामुळे रेल फार तापत नाही. गाडी बंद केली की पंप बंद, कूलंट फिरणं बंद, समोरून येणारी हवा बंद, पण इंजिनच्या लोखंडात उष्णता तशीच भरलेली असते आणि ती वर चढते. म्हणून बंद केल्यावर पुढची दहा ते तीस मिनिटं बोनेटखालचं तापमान उलट वाढतं. रेलमधलं पेट्रोल तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, मग सेल्फ मारल्यावर इंजेक्टर उघडतो तेव्हा पेट्रोलऐवजी अर्धी वाफ जाते, इंजिनला माल कमी पडतो आणि ते मिस मारतं. दोन-तीन तासांनी गाडी पुन्हा गार झाली की तक्रार गायब, आणि बंद करून लगेच सुरू केली तरी तक्रार नाही, कारण रेल अजून तापलेलीच नसते. मधला वेळच वाईट.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे जास्त दिसतं त्यात नवल नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि नवतपा नसला तरी मे महिन्यात ४४-४५ तर आपल्याला नेहमीचंच आहे. काळ्या डांबरावर उभ्या गाडीच्या बोनेटखाली किती होत असेल विचार करा. त्यात आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं, इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलची वाफ व्हायची ओढ थोडी वाढते आणि या गाड्या त्या इंधनासाठी बनलेल्याच नाहीत. त्यामुळे पूर्वी कधी त्रास न दिलेली गाडी आता देऊन राहिली असेल तर तेही एक कारण असू शकतं.

तर हा सोलेनॉइड काय करतो? एरवी मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याच्यातून रेग्युलेटरपर्यंत पोचतो आणि आयडलिंगला रेलचं प्रेशर साधारण अर्ध्या बारने खाली ओढून ठेवतो, म्हणजे बऱ्याच गाड्यांत ३ बारचं अडीचच्या आसपास. पण गाडी गरम असताना सुरू केली की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) कूलंट आणि हवेच्या तापमानावरून ओळखतो की हा हॉट स्टार्ट आहे, आणि सोलेनॉइडला करंट देतो. सोलेनॉइड व्हॅक्यूमचा रस्ता बंद करून रेग्युलेटरला बाहेरची हवा दाखवतो, रेग्युलेटर रिटर्नचं तोंड जास्त आवळतो आणि प्रेशर लगेच वर चढतं. प्रेशर वाढलं की बुडबुडे दबतात, पेट्रोल उकळायला आणखी जास्त तापमान लागतं. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही ना, तेच इथे. थोडा वेळ, साधारण एक-दोन मिनिटं हे चालतं, तोपर्यंत टाकीतलं ताजं पेट्रोल रेलमध्ये येतं आणि मग सगळं नॉर्मल.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या, माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे: नाव फ्युएल प्रेशर सोलेनॉइड असलं तरी याच्यातून पेट्रोल जात नाही, फक्त हवा जाते. म्हणजे बदलताना पेट्रोलची एकही लाईन उघडायची नाही. त्यामुळे हे काम घरच्या पार्किंगमध्ये कोणीही सावधपणे करू शकतो आणि कोणी तुम्हाला यासाठी रेल खोलावी लागेल म्हणून लेबर सांगत असेल तर त्याला हा पार्ट नक्की कुठला ते बोनेट उघडून दाखवायला सांगा.

बदलायच्या आधी तपासा, अंदाजाने पार्ट आणू नका. गरम असताना सुरू न होण्याची बाकी कारणंही आहेत आणि ती ओळखता येतात. सेल्फच हळू फिरते किंवा नुसतं टक् वाजते तर स्टार्टर, बॅटरी, अर्थिंग बघा, पेट्रोलचा संबंध नाही. सेल्फ जोरात फिरते पण स्पार्कच नाही आणि आरपीएमचा काटाही हलत नाही तर क्रँक सेन्सर गरम होऊन दगा देत असण्याची शक्यता मोठी. एक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर काळा धूर सोडत चालू होते तर उलट पेट्रोल जास्त होऊन राहिलं आहे, इंजेक्टर गळतोय. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला प्रत्येक वेळी गुणगुणू दिलं आणि मग गाडी पटकन लागली तर बंद असताना प्रेशर उतरत असेल, पण याने वाफेच्या त्रासातही थोडा फरक पडतो म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका, त्यासाठी रेलला प्रेशर गेज लावूनच बघावं लागतं.

आता मुख्य टेस्ट, हिला पैसा लागत नाही. गाडी वर्धा रोडवर अर्धा तास फिरवून आणा, काटा नेहमीच्या जागी येऊ द्या, उन्हात उभी करून बंद करा आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबा. मग बोनेट उघडून रेग्युलेटरच्या डोक्यावरची ती बारीक नळी काढा, नळीच्या तोंडात नीट बसेल असा छोटा बोल्ट घुसवून नळी बंद करा आणि रेग्युलेटरचं निप्पल तसंच उघडं ठेवा. म्हणजे सोलेनॉइडने जे करायला पाहिजे ते तुम्ही हाताने केलं. आता सेल्फ मारा. गाडी एकदम लागली, थरथरली नाही, तर दोष सोलेनॉइड, त्याची वायरिंग किंवा नळ्या यांच्यातच आहे. काहीच फरक पडला नाही तर सोलेनॉइड आणू नका, वरची कारणं तपासा. आणि नळी काढल्यावर तिच्यात ओलं पेट्रोल दिसलं किंवा जोरात वास आला तर तिथेच थांबा, रेग्युलेटरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला आहे, आधी तो बदला, ती आग लागायची गोष्ट आहे.

काळजी दोन-तीन आहेत. गरम इंजिनवर हात भाजतो ते सोडा, पण रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही काही गाड्यांत अचानक फिरतो, बोटं आणि ओढणी-गमछा दूर ठेवा. आसपास कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला आधी बाजूला करा.

टेस्टमध्ये सोलेनॉइडवर संशय आला तरी लगेच दुकानात जाऊ नका, अजून एक पायरी आहे. त्याच्या दोन्ही नळ्या हातात घेऊन टोकाशी वाकवून बघा. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, निप्पलवर बसलेला भाग फुगून सैल होतो आणि वाकवल्यावर आतून केसासारख्या बारीक चिरा उघडतात, सरळ असताना त्या दिसतच नाहीत. मनीषनगरात आमच्या शेजारच्या काकांच्या जुन्या सेडानमध्ये सोलेनॉइड ठणठणीत होता, पण रेग्युलेटरकडे जाणारी नळी सोलेनॉइडच्या पोटात वितळून चिकटली होती आणि तिचं भोक जवळजवळ बुजलं होतं, त्यामुळे व्हॉल्व उघडूनही रेग्युलेटरला हवा पोचायला वेळ लागायचा. काकांना एका गॅरेजने पंपाचा खर्च सांगून ठेवला होता. वीतभर नळीत काम झालं.

नळ्या ठीक असतील तर मल्टिमीटर घ्या. कपलर काढून सोलेनॉइडच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा, अशा सोलेनॉइडचा तो साधारण २५ ते ५० ओहमच्या मधे येतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ दाखवत असेल तर शॉर्ट. हे गार असताना आणि गरम असताना दोन्ही वेळा मोजा, कारण काही कॉइल गार असताना बरोबर येतात आणि तापल्यावर उघडतात, आणि आपली तक्रार तर गरम असतानाचीच आहे ना. मग सोलेनॉइड काढून मॅनिफोल्डकडच्या निप्पलमधून फुंकर मारा, करंट नसताना हवा रेग्युलेटरकडच्या निप्पलमधून निघायला पाहिजे. बॅटरीवरून छोटा फ्यूज लावलेल्या वायरने १२ व्होल्ट द्या, टक् असा स्पष्ट आवाज यायला पाहिजे आणि आता रेग्युलेटरच्या निप्पलमधून फुंकलेली हवा छोट्या फिल्टरच्या जाळीतून बाहेर जायला पाहिजे, मॅनिफोल्डकडे नाही. काही सोलेनॉइडमध्ये आत डायोड असतो, म्हणून प्लस-मायनस गाडीच्या कपलरप्रमाणेच द्या. टक् वाजला म्हणजे चांगला असं धरू नका, धुळीने जाळी भरली असेल तर टक् वाजूनही हवा जात नाही, आणि आपल्याकडच्या धुळीत हे होतंच.

शेवटी वायरिंग. चावी ऑन करून कपलरच्या एका पिनवर बॅटरीएवढा व्होल्टेज मिळाला पाहिजे, नसेल तर फ्यूज नाहीतर वायर. दुसरी वायर ईसीएमकडे जाते, तो तिला वेळ आली की अर्थिंग देतो. कपलर लावलेला ठेवून मागून बारीक पिन घालून त्या वायरचा व्होल्टेज मोजा, एरवी १२ च्या आसपास आणि हॉट स्टार्टला थोडा वेळ जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. खाली येतच नसेल तर बिचाऱ्या सोलेनॉइडला हुकूमच मिळत नाहीये, मग कूलंट टेंपरेचर सेन्सर आणि इनटेक हवेचा सेन्सर तपासा, गरम इंजिनला ते गार सांगत असतील तर ईसीएमला हॉट स्टार्ट कळणारच नाही. या वायरवर जुना बल्बवाला टेस्टर लावू नका, तो करंट जास्त ओढतो आणि ईसीएमच्या आतलं ड्रायव्हर सर्किट उडू शकतं. मीटरच वापरा.

सोलेनॉइडच खराब निघाला तर आता नवीन. घाट रोडला पार्ट्सच्या दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या, फोटोवर काम भागत नाही. त्याच्यावर छापलेला नंबर, कपलरचा आकार, निप्पल किती आणि कुठल्या दिशेला, फिल्टरची टोपी आहे का, हे सगळं जुळवा. दुकानदार कधीकधी तसाच दिसणारा कॅनिस्टर पर्जचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) सोलेनॉइड पुढे करतो, तो बसेलही, कपलरही लागेल, पण तो बहुतेक करंट नसताना बंद असतो आणि आपला उघडा पाहिजे. काउंटरवरच फुंकून बघा, लाजू नका. नवीन मिळत नसेल तर कबाडीत त्याच इंजिनचा मिळू शकतो, पण तिथेच मीटर आणि फुंकर दोन्ही करून घ्या. सोबत व्हॅक्यूमची नळी मीटरवर घ्या, आतला व्यास जुन्या नळीशी जुळवून, उष्णता सहन करणारी. सलाईनची किंवा माशांच्या टाकीची नळी लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, एका उन्हाळ्यात ती मऊ पडून व्हॅक्यूमने आत चपटी होते आणि नवा पार्ट वाया गेल्यासारखं वाटतं.

बसवायचं काम सकाळी लवकर करा, इंजिन पूर्ण गार असताना, मे महिन्यात दहानंतर बोनेटच्या पत्र्याला हात लागत नाही. बॅटरीचा मायनस काढा, म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर आधी हाताशी ठेवा. मोबाईलवर दोन-तीन फोटो घ्या आणि दोन्ही नळ्यांना वेगळ्या रंगाची टेप लावा, कारण उलट लागल्या तर प्रेशर चुकीचं राहील आणि तुम्ही पार्टलाच दोष देत बसाल. कपलरची लॉक दाबून कपलर ओढा, वायर ओढू नका, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. नळी सरळ ओढायची नाही, आधी गोल फिरवून सैल करायची, नाही निघाली तर ब्लेडने उभी चिरून टाका, ती तशीही बदलायचीच आहे. मॅनिफोल्डचं प्लास्टिक निप्पल मोडलं तर मात्र काम वाढतं, म्हणून इथे जोर नको. ब्रॅकेटचा बोल्ट बहुतेक १० च्या पान्न्याचा असतो, खाली पडला तर इंजिनच्या संरक्षक पत्र्यावर जाऊन बसतो, म्हणून खाली फडकं अंथरा.

नवा सोलेनॉइड त्याच ब्रॅकेटवर, तोंड त्याच दिशेला लावा. फिल्टरची जाळी वर तोंड करून बसवली तर पावसाळ्यात पाणी जातं. नळ्या जुन्या लांबीएवढ्याच कापा, निप्पलवर शेवटपर्यंत ढकला आणि एक्झॉस्टपासून दूर, कुठे मुडपणार नाहीत अशा टाका. कपलर लावताना आतल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. मग बॅटरी जोडा आणि गार गाडी चालू करा. सुऽऽ असा आवाज येत असेल किंवा आयडलिंग वरखाली होत असेल तर कुठेतरी हवा ओढतेय, नळी पुन्हा बघा. बॅटरी काढल्यामुळे पहिली काही मिनिटं आयडलिंग थोडं वेगळं असू शकतं, एसी बंद ठेवून तशीच चालू राहू द्या.

खरी परीक्षा दुपारी. त्याच रस्त्यावर तेवढीच फिरवा, त्याच उन्हात तेवढाच वेळ उभी करा, आणि एक्सिलेटरला पाय न लावता सेल्फ मारा. गाडी लगेच लागून आयडलिंग सुरुवातीपासून स्थिर राहिलं पाहिजे. हे वेगवेगळ्या दिवशी करून बघा, एखाद्या ढगाळ दिवशी चांगली लागली म्हणून खूश होऊ नका.

काही मेकॅनिक सोलेनॉइड मिळत नाही म्हणून रेग्युलेटरची नळी कायमची बंद करून देतात आणि हॉट स्टार्टची तक्रार त्याने जातेही, पण मग आयडलिंगला प्रेशर कायम जास्त राहतं, गाडी रिच चालते (पेट्रोल जास्त घेते), प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त येतो. पार्ट यायला वेळ लागणार असेल तर तेवढे दिवस गाडी सावलीत लावा, उतरल्यावर जमेल तिथे बोनेट थोडं उघडं ठेवा आणि टाकी रिझर्व्हवर नेऊ नका, कारण थोडं पेट्रोल पुन्हा पुन्हा रेलमधून फिरून लवकर तापतं. आणि नवा पार्ट बसवूनही तीच तक्रार राहिली तर रेलला गेज लावून गाडी बंद केल्यावर अर्धा तास काटा पाहत बसा. काटा झपाट्याने शून्याकडे जात असेल तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा इंजेक्टर यांपैकी एकातून प्रेशर उतरतंय. गाडी बंद केल्याबरोबर रिटर्नची रबरी लाईन हलकी चिमटून काटा थांबला तर रेग्युलेटर, पंपाकडून येणारी रबरी लाईन चिमटून थांबला तर पंपाचा व्हॉल्व, आणि दोन्ही चिमटूनही उतरतच राहिला तर इंजेक्टर काढून तपासायला द्या.